अठ्ठ्याण्णव टक्के

"मॅडम, तिला नेऊ देऊ नका. गाडी दारात उभी आहे. एकदा नेली की संपलं सगळं."

फोनवरचा माणूस धापा टाकत होता. इन्स्पेक्टरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुणाला? आणि आधी तुम्ही कोण, ते सांगा."

"मी कोच. धावण्याचा. माझी एक खेळाडू आज पहाटे गेली. जेमतेम एकोणीस वर्षांची पोर. डॉक्टर म्हणतात, झोपेत हृदय बंद पडलं. मॅडम, ते हृदय मी रोज बघत होतो. ते असं बंद पडणारं नव्हतं. तिला कुणीतरी काहीतरी दिलंय."

बाईंनी पत्ता विचारला आणि जीप काढायला सांगितली.

पत्ता एका लाँड्रीचा होता. खाली धुलाईची मोठी यंत्रं, वर राहायचं घर. दाराशी दहा-बारा माणसं गप्प उभी होती. चादरींचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले. सगळीकडे साबणाचा आणि ब्लीचचा वास.

मुलगी इथल्या मालकाची भाची. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात आणि मैदानावर सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचं गाव लांब. मैदान या शहरात, म्हणून ती तीन वर्षांपासून मामाकडे राहत होती.

मामा पुढे आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस. डोळे रडून सुजलेले.

"मॅडम, पोरीची चिरफाड नको. हात जोडतो."

"तिची आई कुठे आहे?"

"गाडीत बसलीय. संध्याकाळपर्यंत पोचेल."

"आणि तुम्ही आत्ता नेताय?"

मामा अडखळला. "तिला हे बघवणार नाही. माझी धाकटी बहीण आहे ती. मी ओळखतो तिला."

"आईनं मुलीचं तोंड शेवटचं बघायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार?"

बाईंनी गाडी शवविच्छेदनासाठी सरकारी रुग्णालयाकडे वळवायला लावली. स्ट्रेचर उचलताना मामीनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि तिचा बांध फुटला.

"बघा ना, झोपल्यासारखी दिसतेय! गाल तर असे लाल, जणू आत्ताच मैदानावरून पळून आलीय."

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच, गाल लाल होते.

भिंगरीची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. एक पलंग, भिंतीवर पदकं, पलंगाखाली बुटांचे जोड ओळीनं लावलेले. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत प्लायवूडची अरुंद पेटी उभी केलेली होती.

खिडकी सताड उघडी. थंडी अशी, की बाईंनी जॅकेटची चेन वर ओढली.

"खिडकी कुणी उघडली?"

"तीच उघडी ठेवायची," मामा म्हणाला. "खेळाडू ना. मोकळी हवा लागायची."

"आणि हे काय आहे?" बाईंनी प्लायवूडवर टकटक केलं.

"बॉयलरचा धुराचा पाइप. खालून वर गच्चीवर जातो. दिसायला बरं दिसत नाही, म्हणून झाकलाय."

प्लायवूड जुनं, फुगलेलं होतं. त्याचे स्क्रू मात्र चकचकीत होते.

"तुम्ही तिला कधी पाहिलंत?"

"रोज पहाटे तिला मैदानावर जायला मीच उठवतो. चहा घेऊन आलो, हाक मारली, उठेना. अंगाला हात लावला, तर गार. तसाच धावत सुटलो डॉक्टरांकडे."

"तसाच?"

"तसाच. पायात चप्पलसुद्धा नव्हती."

कोच खाली पायरीवर बसून होता. बारीक, उन्हानं रापलेला माणूस. त्यानं मोबाइल बाईंच्या पुढे धरला.

"हे बघा. तिच्या मनगटावर फिटनेसचं घड्याळ असायचं. मीच दिलं होतं. झोपेतसुद्धा काढायची नाही. नाडी, झोप, रक्तातला ऑक्सिजन, सगळं माझ्या मोबाइलवर येतं."

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक लाल, एक निळी.

"लाल म्हणजे नाडी. झोपेत तिची नाडी पन्नासच्या खाली असायची, असं इंजिन होतं ते. काल रात्री बघा. झोपली आणि नाडी चढायलाच लागली. साठ, ऐंशी, शंभर, एकशे वीस. पलंगावर पडल्या पडल्या! आणि पहाटेच्या आधी एकदम काही नाही."

"आणि निळी?"

"ऑक्सिजन. तो शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव. एकदा सत्त्याण्णव, परत अठ्ठ्याण्णव. म्हणजे श्वास कोंडला नाही, कुणी गळा दाबला नाही, उशी दाबली नाही. ऑक्सिजन भरपूर होता आणि नाडी पिसाळली होती. मॅडम, हे कसल्यातरी औषधाचं काम आहे."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"खेळाडूंना जोर येण्यासाठी अशी औषधं देतात. कोण देतं? कोचच ना?"

कोचचा चेहरा उतरला. "मी फक्त लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याही डॉक्टरांना विचारून. गेला महिनाभर तिचा वेग पडत चालला होता ना."

"का पडत होता?"

"सकाळी डोकं दुखतं म्हणायची. मळमळतंय म्हणायची. मैदानावर तासभर घाम गाळला, की जरा बरी व्हायची. मधे आम्ही स्पर्धेला बाहेरगावी गेलो, तिथे आठवडाभर एकदम ठणठणीत! परत आलो आणि पुन्हा तेच रडगाणं. मला वाटलं, सरावाचा कंटाळा." त्यानं मोबाइलचा पडदा बंद केला. "मी तिला ओरडलो. म्हटलं, घड्याळ बघ, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे. तुला काही झालेलं नाही. नाटकं करू नकोस."

बाईंनी गोळ्यांची बाटली ताब्यात घेतली. कोचला शहर सोडायचं नाही, अशी ताकीद दिली. त्यानं मान हलवली. कुठे जायचं त्याच्या मनातही नव्हतं.

मग बाई बॉयलरच्या खोलीत गेल्या. मुलीच्या खोलीच्या बरोबर खाली ही खोली होती. गॅसवर चालणारा जुना बॉयलर, बंद आणि कोमट. त्याच्या डोक्यावरून निघालेला पाइप छतात शिरत होता. बाकी सगळं काळपट, तेलकट. पाइपचा वरचा तुकडा तेवढा नवा होता. त्यावर दुकानाचा छोटा कागदी बिल्ला चिकटलेला होता. पांढराशुभ्र.

"हा नवा दिसतो."

"हो, जुना गंजला होता. गेल्या महिन्यातच बदलला," मामा दारातून म्हणाला.

"बॉयलर काल चालू होता?"

"रात्रभर. हॉस्पिटलच्या चादरी द्यायच्या होत्या. सकाळी हे असं झालं, मग बंद केला. घरात मयत असताना काम कसलं?"

उत्तर बिनचूक होतं. तरी बाई त्या बिल्ल्याकडे दोनदा बघून बाहेर पडल्या.

मामी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढे चहाचं आधण आटून भांडं करपत आलं होतं. तिचं लक्ष नव्हतं. बाईंनी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर पाटावर बसल्या.

"तुमचं तिच्याशी कसं होतं?"

"आम्हाला मूलबाळ नाही. मग कसं असणार?"

"तिच्या मामांचं?"

"त्यांचा तर जीव होता तिच्यावर. रोज सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न, भिंगरे, घड्याळ काय म्हणतंय? ऑक्सिजन किती? ती म्हणायची, अठ्ठ्याण्णव, मामा. की यांचा चेहरा खुलायचा. मग म्हणायचे, झालं तर, पळ मैदानावर."

"रोज?"

"गेला महिनाभर तर एक दिवस चुकला नाही."

"नाडी विचारायचे? किती झोपली, ते?"

मामीनं आठवून पाहिलं. "नाही बाई. ऑक्सिजनच."

"आज सकाळी तुम्हाला कसं कळलं?"

"खाली ठोकाठोक चालली होती, त्या आवाजानं मला जाग आली. म्हटलं, बॉयलरचं काही बिघडलं असेल. परत डोळा लागत होता, तेवढ्यात हे रडत वर आले. म्हणाले, अगं, आपली भिंगरी उठत नाही."

"ठोकाठोक आधी? आणि रडत आले ते नंतर?"

"हो. का?"

"काही नाही. रात्री तिची खिडकी उघडी होती का?"

"छे! थंडी पडल्यापासून घट्ट लावून घ्यायची. सर्दी झाली तर सर पळू देणार नाहीत, म्हणायची. फटीत कागदसुद्धा कोंबले होते तिनं."

भिंगरीची आई संध्याकाळी आली. लहान चणीची, शांत बाई. दारात मामा तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडला. तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दादा, गप्प हो बरं. तू किती केलंस तिचं. बापानं केलं नसतं एवढं केलंस. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

इन्स्पेक्टरबाई समोरच उभ्या होत्या. त्या दोघांकडे बघवेना, म्हणून रस्त्यावर आल्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातून बोलावणं आलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई हात धूत होत्या.

"तुमच्या कोचला सोडा. उत्तेजक औषध नाही, विष नाही. हृदय तर इतकं छान, की मला वाईट वाटलं."

"मग?"

"कार्बन मोनॉक्साइड. गॅस नीट जळला नाही, धूर कोंडला, की तयार होतो तो वायू. त्याला ना वास, ना रंग. रक्तात निम्म्याहून जास्त भरलाय."

इन्स्पेक्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "पण तिचा ऑक्सिजन शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव होता. घड्याळात नोंद आहे. वायूनं गुदमरली असती, तर तो पडला नसता का?"

"घड्याळात नसता पडला." डॉक्टरीणबाईंनी टॉवेलला हात पुसले. "तुमच्या हातात आहे ना तसलंच? काढा जरा."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं. पाठीमागे बारीक दिवे लुकलुकत होते.

"हे घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. कातडीवर उजेड पाडतं आणि रक्ताचा रंग बघतं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक असतं, न घेतलेलं काळपट. लाल किती आहे, यावरून ते अंदाज बांधतं आणि टक्के सांगतं. रोजच्या जगण्यात तो अंदाज बरा असतो. पट्टा ढिला असला, हात गार पडला, झोपेत मनगट दबलं, तर चार टक्के इकडचे तिकडे. त्यानं घाबरायचं कारण नाही."

"आणि हा वायू?"

"हा रक्ताला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. ऑक्सिजनची जागाच बळकावतो. आणि चिकटला, की रक्त लालच दिसतं. घड्याळाला वाटतं, अरे वा, सगळ्या जागा भरलेल्या आहेत. कोण बसलंय, ते त्याला ओळखू येत नाही. बोटाला लावतात तो साधा चिमटाही असाच फसतो. शरीर मात्र फसत नाही. ते तडफडत नाडी वाढवत जातं."

"गाल लाल होते तिचे."

"त्याच रक्तानं."

इन्स्पेक्टरबाईंनी घड्याळ परत मनगटावर चढवलं. मग म्हणाल्या, "ज्याला हे माहीत नाही, तो माणूस घड्याळाकडे बघून काय समजेल?"

"समजेल, की वायू पोचलेलाच नाही. सगळं ठीक आहे."

दुपारी त्या लाँड्रीत गेल्या. यंत्रं बंद होती. मामा, मामी, भिंगरीची आई आणि कोच, चौघांना त्यांनी खाली बसवलं. स्वतः उभ्या राहिल्या.

"भिंगरी कार्बन मोनॉक्साइडनं गेली," त्या म्हणाल्या. "बॉयलरच्या धुरातला वायू. पाइप तिच्या खोलीच्या कोपऱ्यातून जातो. त्याचा सांधा गंजून फुटला होता. महिनाभर थोडा थोडा वायू खोलीत येत होता. म्हणून सकाळी डोकं दुखायचं, मैदानावर बरं वाटायचं, आणि गाव बदललं की दुखणं गायब. परवा रात्री बॉयलर रात्रभर चालला. खिडकी बंद होती. संपलं."

"पण पाइप तर नवा आहे," मामी म्हणाली. "यांनी बदललाय ना तो?"

"बदललाय. पण कधी? मामा म्हणतात, गेल्या महिन्यात. त्या पाइपावर कागदाचा बिल्ला आहे. पांढराशुभ्र. महिनाभर ज्याच्या आतून गरम धूर गेला, त्याच्यावरचा कागद करपला नसता? एवढंच कशाला, रात्रभरात काळा पडला असता. तो पाइप बसवल्यावर बॉयलर एकदाही पेटलेला नाही."

मामाची नजर जमिनीवर खिळली होती.

"मामींना जाग आली ती ठोकाठोकीनं. रडणं नंतर ऐकू आलं. म्हणजे भाची मेलेली बघून हे तसेच डॉक्टरांकडे धावले नाहीत. आधी खिडकी उघडली, कागद काढले. बॉयलर बंद केला. प्लायवूड खोललं, पाइप बदलला, नवे स्क्रू मारले. आणि मग रडले. डॉक्टर आले तेव्हा खोलीत नुसती थंडगार, स्वच्छ हवा होती."

"दादा?" भिंगरीची आई म्हणाली.

"मला एकच कोडं होतं," बाई पुढे म्हणाल्या. "पाइप गळतोय हे यांना आधी माहीत होतं, की त्या सकाळीच कळलं? त्या सकाळी कळलं असेल, तर भीतीनं केलेली लपवाछपवी. पण मामा रोज भाचीला विचारायचे, ऑक्सिजन किती. खेळाडूच्या घड्याळात शंभर गोष्टी असतात. हे एकच विचारायचे. ज्याला धुराची शंका आहे, तोच हे विचारेल." त्या मामाकडे वळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मामानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"गेल्या महिन्यात बॉयलर बघायला आलेल्या मेकॅनिकनं. म्हणाला, सांधा गेलाय. हा वायू माणसाचा ऑक्सिजन खातो. पाइप बदला, दोन दिवस बॉयलर बंद ठेवा. पाइप मी त्याच दिवशी आणला. मागच्या अंगणात पडून होता. पण हॉस्पिटलचं काम रोजचं. एक दिवस चादरी गेल्या नाहीत, की ते दुसरीकडे देतात. म्हटलं, एवढी खेप जाऊ दे, मग बदलू. मग पुढची खेप आली."

"तिला दुसऱ्या खोलीत का नाही झोपवलंत?"

"हिनं विचारलं असतं का म्हणून. कामगारांना कळलं असतं, त्यांनी कामच थांबवलं असतं. आणि मॅडम, मी रोज बघत होतो ना! अठ्ठ्याण्णव यायचं. रोज अठ्ठ्याण्णव. मला वाटलं, धूर वर पोचतच नाही. एक टक्का जरी उतरला असता, तरी त्याच क्षणी मी बॉयलर बंद केला असता. देवाशपथ केला असता."

"बदलायला किती वेळ लागला, त्या सकाळी?"

मामानं तोंड झाकून घेतलं. "पाऊण तास."

कोच उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

भिंगरीची आई अजून तशीच बसलेली होती. आवाज चढला नाही तिचा.

"परवा फोन आला होता तिचा. म्हणाली, आई, डोकं फार ठणकतंय गं. मी म्हटलं, मामाला सांग. तो बघेल काय ते."

"सांगितलं होतं तिनं," मामा म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी त्याला उठवलं. बेड्या घालायची गरज नव्हती. तो स्वतःच जीपकडे चालू लागला. खून म्हणता येणार नव्हता. निष्काळजीपणा, पुरावा नष्ट करणं, एवढीच कलमं लागणार होती. काही वर्षं. त्यातलीही निम्मी कोर्टात जातील. बाईंना हे माहीत होतं. पण हे सगळं शोधून काढून आपण या बाईच्या पदरात नेमकं काय टाकलं? कालपर्यंत निदान एक भाऊ तरी होता तिला.

जीप निघाली, तेव्हा हॉस्पिटलचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हरनं चादरींचे न धुतलेले गठ्ठे मोजले, एक एक करून टेम्पोत टाकले आणि पावती कुणाकडे द्यायची ते न कळून तशीच यंत्रावर ठेवून गेला.

कोचही केव्हातरी निघून गेला. घरात दोघीच उरल्या.

"वन्सं," मामी म्हणाली, "घोटभर पाणी तरी घ्या."

तिनं भांडं पुढे केलं. भिंगरीच्या आईनं ते घेतलं नाही आणि सारूनही दिलं नाही. मामी तशीच भांडं धरून उभी राहिली.